अकरा नंबरचा रुमाल

दादाजी वाल्वच्या चेंबरमध्ये उतरण्याआधी शेजारच्या खांबाला रुमाल बांधत. पांढरा, एका कोपऱ्यावर निळीचा डाग पडलेला. रुमाल दिसतोय तोवर त्या वाल्वला कोणी हात लावायचा नाही, हा अंतरखेडचा रिवाज. तो कुठल्याही कागदावर नव्हता. कदाचित म्हणूनच टिकला होता. एका फाल्गुनात, पुढं पाणी संघाचे अध्यक्ष झालेल्या उद्धवरावांच्या वडिलांचा गहू कोमेजत होता आणि दादाजी नेमके त्यांच्याच वाल्वच्या खड्ड्यात दोन तास शेवाळ उपसत होते. म्हातारा बांधावर बसून राहिला. शिव्या त्यानं शेवाळाला दिल्या, दादाजींना दिल्या, नदीला दिल्या. रुमालाला हात लावला नाही.

अंतरखेड तेलंगणातल्या भीमपूर मंडलात, पैनगंगेच्या कडेला, नदीपलीकडं महाराष्ट्र. नदीचं पाणी पंपानं टेकडीवरच्या हौदात चढवायचं आणि तिथून जमिनीखालच्या पाइपांनी, एकवीस वाल्वमधून, ज्याची पाळी त्याच्या शेतात सोडायचं, असा गावच्या पाणी संघाचा कारभार. बावीस वर्षं हे एकवीस वाल्व दादाजींनी हातानं फिरवले. त्यांची कमरेइतक्या उंचीची लोखंडी चावी आता घरात देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकून उभी असते. तीन वर्षांपूर्वी वाल्वांना मोटारी बसल्या आणि चावीचं काम हैदराबादच्या एका कंपनीनं बनवलेल्या ‘जलनेत्र’ नावाच्या ॲपकडं गेलं. दादाजींकडं उरलं ते खड्ड्यात उतरून पाइपातल्या जाळ्या साफ करणं. प्रगतीनं त्यांना आठ फूट खाली नेलं.

‘जलनेत्र’वर लक्ष ठेवायचं काम त्यांच्या एकुलत्या लेकीकडं, सुनयनाकडं. ती बासरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली, हैदराबादेत चार वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधत बसली, आई गेली तेव्हा पंधरा दिवसांच्या रजेवर गावी आली, आणि ती रजा अजून चालू आहे. गावात तिच्याविषयी दोन मतं होती: पोरगी शिकून वाया गेली, आणि पोरगी शिकली म्हणून पाणी वेळेवर येते. बहुतेकदा दोन्ही मतं एकाच माणसाची असत. कोणतं बाहेर पडेल ते पाळी कुणाची यावर होतं.

‘जलनेत्र’ दिसायला देखणं होतं. पडद्यावर अख्ख्या शिवाराचा नकाशा, पाइपांतून सळसळणारं निळं पाणी, बोट लावलं की गोल फिरणारे वाल्व. आत शिरायचा बंदोबस्तही तसाच. आधी मोबाइल नंबर. मग पासवर्ड, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असलंच पाहिजे; परिणामी निम्म्या गावाचे पासवर्ड गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलेले होते. मग सहा आकड्यांचा ओटीपी. पंधरा मिनिटं काही केलं नाही की ॲप आपोआप बाहेर काढी. उद्घाटनाला कंपनीचा माणूस म्हणाला होता, “हे बँकेइतकं पक्कं आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँकेबद्दल त्यांचं काय मत आहे हे त्यानं विचारलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी अकरा नंबरचा वाल्व आपोआप उघडला.

पाळी कुणाचीच नव्हती. पाणी रेणुकाबाईंच्या हरभऱ्यात शिरलं. सुनयनानं पंपघरातून वाल्व बंद केला. बुधवारी तो पुन्हा उघडला, आणि शनिवारी भर सकाळी तिसऱ्यांदा. कोणी म्हणालं, रेणुकाबाईंच्या बांधावरची देवी कोपली. कोणी म्हणालं, नदीपलीकडच्यांचं काम. तिसरं एक नाव सगळ्यांत कमी बोललं गेलं आणि सगळ्यांत जास्त मानलं गेलं: सुनयना.

वाल्व हलला की ‘जलनेत्र’मध्ये त्याची नोंद पडे. सुनयना ही नोंदवही रोज सकाळी, लोक पेपर वाचतात तशी, चहाबरोबर वाचे. वेळ, वाल्व, काम, नाव. काम दोनच तऱ्हेचं, ‘ओपन’ आणि ‘शट’. या तीन नोंदींपुढं नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

तिनं कंपनीत फोन लावला. तिथं हर्षदीप नावाचा इंजिनिअर अंतरखेडचं काम बघायचा. आदिलाबादच्या जुन्या, नोकरदार मराठी घरातला.

“नाव नाही म्हणजे ऑपरेटरनंच दाबलं असणार,” तो म्हणाला.

“ऑपरेटर मीच आहे. मी दाबलं की माझं नाव येतं. रोज येतं.”

“मग नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.”

“नेटवर्क वाल्व उघडतं?”

“ताई, लॉगिन केल्याशिवाय आमच्या ॲपमध्ये कोणी शिरूच शकत नाही. तुम्ही तक्रार टाका, मी बघतो.”

तिनं तक्रार टाकली. तक्रारीला नंबर मिळाला. त्यापलीकडं काही मिळालं नाही.

सुनयनाला हरभऱ्याची काळजी कमी होती. अकराची जाळी चोंदली होती, आणि ती साफ करायला दादाजी उतरणार होते. जाळी काढायची तर पाइपावरचं झाकण उघडावं लागतं. झाकण उघडं असताना वाल्व उघडला, तर टेकडीवरच्या हौदाचं पाणी शेताकडं न जाता खड्ड्यातच फुटणार. खड्डा चार फूट रुंद, चार फूट लांब, आठ फूट खोल. बाहेर यायला भिंतीत रोवलेल्या लोखंडी पायऱ्या. मोटार बंद करायचा खटका वरच्या खांबावर एका पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलपाची चावी कंपनीच्या निजामाबादच्या माणसाकडं. कारण शेतकरी छेडछाड करतात.

रविवारी जेवताना तिनं विषय काढला.

“बाबा, अकराच्या खड्ड्यात उतरू नका.”

“काऊन?”

“तो आपोआप उघडून राह्यला.”

“मंगळवारी रेणुकाबाईची पाळी हाय. जाळीतून धड पाणी येत नाई. ते बाई गाव डोक्यावर घेईन.”

“घेऊ द्या. तुमी खाली असले अन् तो उघडला तर?”

“रुमाल बांधतो ना.”

“मशीनले रुमाल दिसत नाई, बाबा.”

दादाजींनी भाकरी मोडली, ठेचा लावला. “मंग नाव काऊन जलनेत्र ठेवलं?”

शेवटी सोमवारी दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं त्यांनी. तेवढ्यात लेकीनं काय ते शोधावं.

सोमवारी सकाळी नऊला ती रेणुकाबाईंच्या शेतावर पोचली. साठीच्या रेणुकाबाई एकट्या सहा एकर बघत आणि बोलताना बाराचं बोलत. गडी लावून कापूस वेचणं चालू होतं.

“मावशी, तुमी पाणी कसं लावता?”

“कसं म्हंजे? दाबते अन् येते.”

“ॲपमधून?”

“त्या ॲपचं नाव नको घेऊ माह्यासमोर. इथं नदीकाठी फोन महाराष्ट्राचा टावर धरते. ओटीपी येईलोक पाळी निंगून जाते. बंडूनं करून देल्लं मले सोपं.”

बंडू म्हणजे त्यांचा भाचा. भीमपूरच्या चौकात मोबाइल दुरुस्त करायचा. रेणुकाबाईंनी फोन पुढं केला. बंडूच्या मेसेजमध्ये इंग्रजीतली दीड ओळ होती, निळी, खाली रेघ मारलेली. ओळीच्या शेवटी वाल्वचा नंबर अकरा, आणि सगळ्यांत शेवटी एक शब्द: ओपन.

सुनयनानं ती दोनदा वाचली. चार वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून ती जे शिकली होती ते सगळं त्या दीड ओळीत होतं. बंडूनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर मावशीच्या नावानं रीतसर लॉगिन केलं होतं; तिथं ओटीपी येतो. बटण दाबताना पडद्यामागं काय जातं ते त्यानं पाहिलं. ‘जलनेत्र’चा तो देखणा नकाशा स्वतः वाल्व फिरवत नव्हता. तो दूर हैदराबादेतल्या एका सेवेला ही दीड ओळ पाठवी, आणि ती सेवा वाल्व फिरवी. नाव, पासवर्ड, ओटीपी सगळं विचारायचा तो नकाशा. सेवा काहीच विचारत नव्हती. आपल्यापर्यंत जो आला तो नकाशातूनच आला असणार, असं तिनं धरून ठेवलं होतं. बंडूनं ओळ उचलून मावशीला दिली. त्याला वाटलं, आपण सोय केली. तशी ती झालीही होती.

तिनं मावशींच्या पडद्याचा फोटो काढून उद्धवरावांना धाडला आणि फोन लावला. उद्धवराव संघाचे अध्यक्ष. तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

“काका, फोटोतली ही ओळ दाबली की लॉगिनशिवाय वाल्व उघडते. कोणीच दाबू नये असं सगळ्यायले कळवा, लवकर.”

“कळवतो. लेखी देतो ग्रुपवर. तोंडी इत्तला कोणी मानत नाई.”

“द्या, काका.” तिला बरं वाटलं. फोन ठेवून ती रेणुकाबाईंकडं वळली. “मावशी, परवा शनिवारी तुमी काऊन दाबलं? पाळी त मंगळवारी राहते.”

“म्या? देवीची शपथ, शनिवारी हातबी नाई लावला. माह्या जावेले, तुळजाबाईले, पाठवलं फकस्त. तिलेबी ओटीपी येत नाई.”

“पाठवलं म्हंजे? दाबलं नाई?”

“अवं, दाबून धरलं, मंग ते कापी का काय म्हणतेत ते केलं, अन् तिच्या नावावर चिकटवलं. दाबीन काऊन? दाबलं की पाणी येते, इतकं समजते मले.”

“अन् बुधवारी?”

“बुधवारी पोरीले धाडलं, ते भैंशा गावाले राहते. ते म्हणे, दाखव ना कसं असते.”

“त्याच्या आधी सोमवारी?”

“सोमवारी त बंडूनंच मले धाडलं.”

तीन वेळा पाठवलं, तीन वेळा उघडला. मंगळवारी मावशींनी खरंच दाबलं होतं, आणि त्या नोंदीपुढंही रेघच असणार. पाळीचं पाणी म्हणून सुनयनानं तिकडं पाहिलंच नव्हतं. आता तिला सगळं एकदम दिसलं. अशी एखादी ओळ मेसेजमध्ये चिकटवली की फोन ती पाठवण्याआधी स्वतःच तिकडं एक फेरी मारून येतो. खाली छोटं चित्र दाखवता येईल का ते बघायला. फोनच्या लेखी ते नुसतं डोकावणं. सेवेच्या लेखी तो हुकूम. कोणी दाबायची गरजच नव्हती. ओळ मेसेजमध्ये लिहिली की पुरे होतं.

आणि उद्धवराव लिहीत होते.

उद्धवरावांची नोटीस कशी असते हे तिला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. ज्या गोष्टीची मनाई तिचा संपूर्ण मजमून, शब्दन्‌शब्द मजकूर, आत असल्याशिवाय नोटीस तामील झाली असं ते मानत नसत. गुरं चारायची मनाई केली तेव्हा त्यांनी गुरांची यादी दिली होती. ते फोटोतली ती दीड ओळ अक्षर अक्षर बघून उतरवत असणार, एका बोटानं, चष्मा नाकावर ओढून, एकही टिंब न चुकता.

तिनं फोन लावला. त्यांनी कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला, आणि मेसेज आला: ‘लिहून राह्यलो. थांब.’

“काय झालं व? तोंड काऊन उतरलं?” रेणुकाबाई म्हणाल्या. “काई इचाराचं असन त तुह्या बापाले इचार ना. थो काय तिथं.”

“कुठं?”

“अकरावर. आत्ताच गेला जाळी साफ कराले. म्याच म्हटलं, उद्या पाळी हाय, भाऊ.”

दहासुद्धा वाजले नव्हते. पण दादाजींची दुपार शिवारात ऊन पसरलं की होई. कपाशीच्या पलीकडं, तीनेकशे पावलांवर, खांबाला पांढरा रुमाल लटकत होता. त्याच्या आसपास माणूस दिसत नव्हता.

सुनयनानं रेणुकाबाईंचा फोन हातातून ओढून घेतला आणि धावत सुटली.

कपाशीतून धावता येत नाही. फांद्या ओढणी धरतात, पायात येतात. ती “बाबा!” ओरडली, वेचणाऱ्या बायकांनी माना वर केल्या, खड्ड्यातून कोणी केली नाही. पंपघरात बावीस वर्षं काढलेल्या दादाजींचा डावा कान केव्हाच गेला होता, आणि उजवा खड्ड्याच्या भिंतीकडं असणार. तिनं धावताधावताच स्वतःच्या फोनवर ‘जलनेत्र’ उघडलं. पंधरा मिनिटं होऊन गेली होती. कृपया पुन्हा लॉगिन करा. तिनं नंबर टाकला, मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह टाकलं. ओटीपी पाठवला आहे. फोनच्या डोक्यावर महाराष्ट्राच्या टावरचं नाव होतं. ओटीपी आला नाही.

निम्म्या वाटेवर असताना खांबावरची मोटार घरघरायला लागली.

हा आवाज ती झोपेतही ओळखायची. वाल्व पूर्ण उघडायला चाळीस सेकंद लागतात. पहिली दहा सेकंद नुसती घरघर असते, मग पाइपाचा घसा खाकरतो, मग पाणी. ती थांबली. खांबाशी पोचून उपयोग नव्हता; पेटीला कुलूप होतं. स्वतःच्या फोनवर ती, संघाची नेमलेली ऑपरेटर, दाराबाहेर उभी होती. तिनं तो फोन कपाशीत टाकला आणि दुसऱ्या हातातला, रेणुकाबाईंचा, वर धरला.

निळी ओळ दाबून धरली. कॉपी. ब्राउझर. चिकटवली. शेवटचा शब्द खोडला. घाईत दोनदा वाल्वचा नंबरच खोडला गेला. ओपनच्या जागी तिनं लिहिलं: क्लोज. पाठवलं.

पांढऱ्या पडद्यावर एक ओळ उमटली. असं कोणतंही काम नाही.

चेंबरच्या तोंडातून आवाज आला, पोत्यानं धान्य ओतावं तसा. मग एक शिवी. मग शिवी बुडाली.

काम दोनच तऱ्हेचं. रोज सकाळी, चहाबरोबर. तिनं क्लोज खोडलं आणि लिहिलं: शट.

काम झाले.

तिचं नाव कोणी विचारलं नाही. ओटीपी कोणी मागितला नाही. मोटार थांबली, क्षणभर विचार केल्यासारखी, आणि उलटी घरघरू लागली. बंद व्हायलाही चाळीस सेकंद लागतात. ती त्यातल्या पस्तिसाव्या सेकंदाला चेंबरच्या काठावर पालथी पडली होती.

पाणी दादाजींच्या हनुवटीला लागलं होतं. उजवा हात त्यांनी वरून दुसऱ्या पायरीत कोपरापर्यंत अडकवला होता. डावा पाण्यात सैल पडला होता. डोळे उघडे होते. पाणी हनुवटीवरून ओठांवर आलं, ओठांशी थोडा वेळ राहिलं, आणि तिथंच थांबलं. तिनं त्यांची कॉलर दोन्ही मुठींत धरून ठेवली होती. वेचणाऱ्या बायका येईपर्यंत तिनं ती सोडली नाही, आणि नंतर सोडवायला दोघी लागल्या.

वर काढल्यावर दादाजी बांधावर बसले. डावा खांदा जागेवरून सरकला होता. पाण्यानं उडवलेलं पाइपावरचं झाकण त्यावर आदळलं होतं. ते बराच वेळ खोकले. मग त्यांनी खांबाकडं पाहिलं.

“रुमाल बांधला होता,” ते म्हणाले.

“दिसला, बाबा.”

“कोन होता?”

“उद्धवकाका. वाल्व उघडू नका म्हणून नोटीस लिहीत होते.”

दादाजींनी यावर विचार केला. “चांगली लिहिली असन,” ते म्हणाले, आणि पुन्हा खोकले.

चांगलीच लिहिली होती. रेणुकाबाईंच्या फोनवर ती तेवढ्यात येऊन पडली: ‘सर्व खातेदारांस इत्तला देण्यात येते की, खाली नमूद मजमुनाची ओळ कोणीही, कोणत्याही कारणास्तव, दाबू नये.’ आणि खाली ओळ, बिनचूक, निळी. पुढच्या पाऊण तासात चौदा खातेदारांनी, नेमकं काय दाबायचं नाही ते नीट कळावं म्हणून, ती दाबून पाहिली. बायका दादाजींना ऑटोत घालून भीमपूरला नेत होत्या, आणि सुनयना शेजारी बसून मावशींच्या फोनवरून चौदा वेळा ‘शट’ पाठवत होती. शेवटी उद्धवरावांचा फोन लागला.

“काका, नोटीस काढून टाका.”

“तामील झालेली नोटीस मागं घेता येत नाई, पोरी.”

“बाबा खड्ड्यात होते, काका. तुमी ओळ लिहिली तवा.”

पलीकडून फोन कापला गेला. मग ग्रुपवरची नोटीस नाहीशी झाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

हर्षदीपनं दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली: ओळीतलं सेवेचं नाव बदललं. सुनयनानं बंडूच्या दुकानात बसून नवं नाव चार मिनिटांत शोधलं. बंडू तिच्या नजरेला नजर न देता चहा आणत होता. गुरुवारी हर्षदीपनं नकाशावरचं बटणच पाळी नसताना दिसेनासं केलं.

“आता बटणच नाही, ताई. दाबणार काय?”

“रेणुकामावशींनी बटण कधी दाबलंच नव्हतं. तुमची सेवा अजून कुणाचंही ऐकते. मी आत्ता सात नंबर उघडून बंद केला, लॉगिन न करता. बघा, नाव आलंय का.”

फोनमधून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग, “रेघ आहे.”

“तुम्ही इकडं या.”

“अहो, हे सगळं इथूनच होतं.”

“होतं ते बघितलं आम्ही. या.”

तो शनिवारी आला, पांढऱ्या बुटांत, पेटीची चावी घेऊन. चावी तेवढी उद्धवरावांनी पत्र लिहून मागवली होती. पत्रात, त्यांच्या इतिहासात प्रथमच, वादग्रस्त मजमून नव्हता. सुनयनानं हर्षदीपला अकराच्या काठाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. खड्ड्याच्या भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं तिथं मातीची रेघ होती. वरून दुसऱ्या पायरीपाशी. दादाजी हात झोळीत अडकवून शेजारी उभे होते, आणि ती रेघ त्यांच्या उंचीशी ताडून बघायला गणित लागत नव्हतं.

“आम्हाला वाटलं, ॲपला पक्कं केलं की झालं,” हर्षदीप म्हणाला. “सेवेशी थेट कोण बोलायला जाणार, असं वाटलं.”

“आमी बोलतो,” रेणुकाबाई मागून म्हणाल्या. “आमाले कोन नाई म्हनते?”

मग पंपघरात बसून सुनयनानं त्याच्याकडून लिहून घेतलं. प्रत्येक हुकुमाला सेवेनं स्वतः विचारायचं: कोण आहेस, हा वाल्व तुझा का, पाळी तुझी का. उत्तर नसेल तर हलायचं नाही, मग तो हुकूम नकाशातून येवो की बंडूच्या दुकानातून. नुसती ओळ उघडून बघितली, डोकावलं, तर काहीच होता कामा नये. आणि शेवटी रुमाल.

“रुमाल म्हणजे?” हर्षदीपनं विचारलं.

“बाबा उतरण्याआधी त्यांच्या फोनवरून रुमाल बांधतील. बांधला की तो वाल्व कोणी उघडायचा नाही. खातेदार नाही, मी नाही, अध्यक्ष नाही. सोडतील तेही बाबाच.”

“कंपनीला तरी मुभा ठेवावी लागेल. काही इमर्जन्सी आली तर?”

“आली तर इथं यायचं. आधी खड्ड्यात वाकून बघायचं. मग बाबांना विचारायचं.”

हर्षदीपनं लिहून घेतलं. जाताना बुटांची माती झाडायला विसरला.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले, खांद्यालाही तेवढेच. अकराची जाळी तशीच अर्धी चोंदलेली होती. रेणुकाबाईंचा हरभरा घाट्यांवर आला होता आणि त्या रोज दोनदा येऊन दादाजींच्या खांद्याची चौकशी करत होत्या. दादाजी उतरतो म्हणत. सुनयना नाही म्हणे. सेवा बदलल्याचं कंपनीचं पत्र आल्यावरही ती आणखी चार दिवस नाही म्हणाली, आणि चारही दिवस सकाळ-संध्याकाळ एकवीस वाल्वांवर, पाच फोनांवरून, हरेक तऱ्हेनं चोरवाट शोधत राहिली. सापडली नाही. न सापडण्यानं तिला झोप लागत नव्हती.

पाचव्या दिवशी, ऊन पसरल्यावर, सगळे अकरावर जमले. दादाजींनी फोन काढून बोटानं रुमाल बांधला. मग खिशातून खरा रुमाल काढून खांबाला बांधला, एका हातानं आणि दातांनी.

“दोन्ही काऊन, बाबा?”

“थ्या रुमालानं नाक पुसता येत नाई.”

रेणुकाबाईंनी जुनी निळी ओळ दाबली. ओळख नाही. बंडूनं भीमपूरहून नवी ओळ हातानं जुळवून पाठवली. ओळख नाही. उद्धवरावांनी रीतसर लॉगिन केलं, मोठं अक्षर, आकडा, चिन्ह. ओटीपी यायला सहा मिनिटं लागली आणि सगळे ती सहा मिनिटं उन्हात उभे राहिले. त्यांनी अकरा नंबर दाबला. रुमाल आहे. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि नोंदवही उघडायला सांगितली. तिथं त्यांचं पूर्ण नाव होतं, वेळ होती, आणि काम: नामंजूर. “हे बरोबर,” ते म्हणाले. शेवटी सुनयनानं स्वतःच्या नावानं दाबलं. रुमाल आहे.

पेटी उघडून तिनं खटकाही खाली ओढला, आणि चावी स्वतःच्या मुठीत ठेवली.

“उतरू का आता?” दादाजींनी विचारलं. बावीस आणि तीन पंचवीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तिनं मान डोलावली.

ते पायऱ्यांवरून खाली गेले, डावा हात जपत. झाकणाचे बोल्ट फिरल्याचा आवाज आला, चार वेळा. मग झाकण काँक्रीटवर टेकल्याचा. सुनयना खांबाजवळ उभी होती, तळवा मोटारीच्या लोखंडावर ठेवून. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. ते हललं नाही. ती मनात चाळीस मोजी, संपले की पुन्हा पहिल्यापासून.

किती वेळा मोजलं ते तिला सांगता आलं नसतं. खड्ड्यातून शेवाळाचा एक भला मोठा, चिकट गोळा वर उडाला आणि थपकन तिच्या चपलेवर येऊन पडला.

“बाजूले हो ना वं,” खालून आवाज आला. “अजून लई हाय.”